वरच्या झिऱ्याबद्दल मी जे बोललो

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही, मुरबाडकडे वैशाखरे गावात दिलेल्या लेकीलाही नाही. गावदेवीसमोर उभा राहिलो तेव्हासुद्धा नाही — तिथं मी नुसते हात जोडले, डोळे मिटले आणि गुडघ्यांबद्दल मागणं मागितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायला छाती लागते. ती माझ्याकडे आहे असं मी जन्मभर समजत होतो.

माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर लावून वाचतो, अडखळत लिहितो, एक ओळ लिहायला तंबाखूची एक चिमूट लागते. तेव्हा मागेपुढे झालं तर चालवून घ्या. मुद्द्यावर यायला मला वेळ लागणार आहे. खरं सांगू? मुद्द्यावर यावंसं वाटतच नाही.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पायाशी. नाव लिहीत नाही, गावानं काही केलेलं नाही. गावाच्या वर दोन खिंडी चढलं की पठार लागतं, आणि पठाराच्या कडेला ठाकर आदिवासींची वाडी. आम्ही खालचे, भातवाले. ते वरचे, नाचणी-वरईवाले. भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पालापाचोळा त्यांच्या बाजूच्या रानातून आमच्याकडे यायचा, आमच्याकडून भात वर जायचं. भांडणंही व्हायची. पण चालायचं.

आता माझ्याबद्दल. हा डोंगर मला पाठ होता. कुठल्या कातळावर पाय घसरतो, कुठल्या घळीत डुक्कर बसतं, कुठली वाट पावसात मरते आणि कुठली जगते. जंगलखात्याचा नवा गार्ड आला की आधी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. मोजणीवाले आले, रस्त्याची पाहणी करणारे आले, रानात हरवलेली कॉलेजची पोरं शोधायची वेळ आली — बाबांना बोलवा. मी दोन वेळा नको म्हणायचो, तिसऱ्या वेळेला काठी घ्यायचो. शिकलेली माणसं माझ्या मागून चालायची. तुम्हाला काय वाटेल ते वाटो, पण ज्याला तिसरीतून काढून गुरांमागे लावलं, त्याच्या मागून पँटवाली माणसं चालतात — याची चव वेगळी असते. ती चव मला लागली होती. ती गुडघे गेल्यावरही जाईना.

गुडघे गेले. वर जाणं थांबलं. डोंगर मात्र डोक्यात तसाच होता.

मग कंपनी आली.

कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा एक माणूस गावात सारखा यायचा, बिनबाह्यांचं जॅकेट घालून, भर उन्हातसुद्धा. बायका त्याला जॅकेटवाला म्हणायच्या. पोरगा गोड होता, खोटं कशाला बोलू. ओट्यावर बसायचा, कोरा चहा प्यायचा, कपात साखर विरघळली नसेल तर बोटाने ढवळायचा. त्याने मला सगळं समजावून दिलं. वर पठारावर एक तळं, खाली नदीजवळ एक तळं, मधून डोंगराच्या पोटातून बोगदा. दिवसा उन्हाची वीज उतू जाते, तेव्हा त्या विजेवर पाणी वर चढवायचं. रात्री लोकांना वीज लागते, तेव्हा तेच पाणी खाली सोडून चक्र फिरवायचं. कोळसा नाही, राख नाही, धूर नाही. "क्लीन एनर्जी, बाबा," तो म्हणायचा. "सरकारलाही हेच पाहिजे, आम्हालाही हेच पाहिजे."

ही वीज चांगली की वाईट ते मला कळत नाही. चांगलीच असेल. मी तिच्यावर खापर फोडणार नाही. वीज काही माझ्या तोंडातून बोलली नाही.

पण त्या पोराकडे बघून मी एक शिकलो — मोठी कंपनी सरकारशी कशी वागते ते. मला वाटायचं, पैशाच्या पेट्या पोचवत असतील. मी तरी पेटी बघितली नाही. ते काय करतात? साहेबांना गाडी देतात, कारण सरकारची गाडी आमच्या घाटाला धापा टाकते. जेवण देतात, कारण साहेब बसतील असं हॉटेल इकडे नाही. वाट दाखवायला माणूस देतात, कारण वाट साहेबांना ठाऊक नसते. आणि तारीख सुचवतात. यात वाईट काय? काहीच नाही. एकेक गोष्ट हातात घेऊन बघा, प्रत्येक बरोबर आहे. फक्त शेवटी साहेब तेच बघतो जे त्या गाडीतून, त्या वाटेने, त्या माणसाबरोबर, त्या महिन्यात दिसतं.

महिना त्यांनी भादवा निवडला. माणूस म्हणून मला.

आता झिऱ्याबद्दल सांगितलं पाहिजे. ते टाळत होतो मी.

पठारावर, वाडीच्या मागच्या अंगाला, एका मोठ्या कातळाच्या पोटाखाली झिरा आहे. — होता. वाकून आत जावं लागायचं. मांडीएवढा खोल खड्डा, वरून थेंब नाही, खालून पाझर. वैशाखात सगळा डोंगर भट्टीसारखा तापला, खालच्या आमच्या विहिरीसुद्धा तळाला गेल्या, तरी तो झिरा द्यायचा. हळू द्यायचा. बायका करवंटीने एकेक घोट उचलून हंड्यात टाकायच्या, खड्डा रिकामा व्हायचा, बसून राहायच्या, परत भरायचा. पण थांबला कधी नाही. वाडीचं सगळं जगणं त्या कातळाखाली होतं.

होळी झाली की त्याची उपसणी असायची. वर्षभराचा गाळ, पानं, बेडूक — सगळं काढून तळ धुवायचा. आणि पहिलं घमेलं वाडीतलं कोणी काढायचं नाही. ते आमच्या घरचा माणूस काढायचा. का? माझ्या आज्याच्या आज्याने म्हणे तो झिरा पहिल्यांदा दगड सरकवून मोकळा केला होता. खरंखोटं देव जाणे. पण वाडीने तो मान आमच्या घराला दिला आणि कधी चुकवला नाही. उपसणीला मी आत जायचो, पहिलं घमेलं बाहेर द्यायचो, बाहेर नारळ फुटायचा, मग बाकीचे हात लावायचे. गुडघे गेले तोपर्यंत दर साल. पुढे मी वर जाईनासा झालो तर त्यांनी माझ्या पोराला बोलावलं. तो कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर, त्याला सुट्टी मिळाली नाही. तेव्हा ते माझं जुनं मुंडासं मागून घेऊन गेले आणि ते झिऱ्याच्या तोंडाशी ठेवून मग उपसणी केली. समजलं का तुम्हाला? मी नाही तर माझं मुंडासं.

दिवाळीला आटणाऱ्या पाण्याची उपसणी कोणी होळीनंतर करतं का?

अजून एक आहे. ते लिहिताना हात जड होतो.

धाकटी लेक पोटात होती त्या साली पाऊस अर्ध्यातच गेला. आमच्या गावची विहीर चैत्रातच बसली. खालच्या बायका हंडे घेऊन वर जायला लागल्या. वाडीला तेवढं पाणी पुरत होतं का? नव्हतंच पुरत. तरी त्यांनी पाळ्या लावल्या — एक वाडीची, एक खालची. माझी बायको पोट घेऊन वर चढली आणि झिऱ्याशी भोवळ येऊन बसली. तेव्हा सोमी म्हणून म्हातारी होती, तिने आपली पाळी सोडून दिली. आणि तिची नवी सून, हातातली हळद अजून गेली नव्हती, तिने आमचा हंडा आपल्या डोक्यावर घेतला आणि खालच्या खिंडीपर्यंत आणून दिला. सगळा उन्हाळा आणून दिला. ती सून म्हणजे बारकी. तिचं नाव आता पुढे येणार आहे.

माझी बायको मरेपर्यंत हे सांगायची. ती आज असती, तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. तिने मला मांडवातच उभं केलं असतं. पण मांडवाचं नंतर.

भादव्यात साहेब लोकांची पाहणी झाली. गाड्या पठाराच्या अर्ध्यापर्यंत गेल्या, पुढे पायी. शेवटचा चढ मला चढवेना; कंपनीच्या दोन कामगारांनी दोन्ही दंडांना धरून वर घेतलं. जॅकेटवाल्याने माझ्या डोक्यावर पिवळी टोपी घातली होती, ती कामावरची, कडक. सगळ्यांना घातली होती. मी पुढे. मागे साहेब, आणि एक बाई — सरकारच्या प्रदूषण मंडळाकडच्या, मोठ्या हुद्द्यावरच्या. बाई चांगल्या होत्या. चिखलात पाय भरले तरी कुरकुर नाही. प्रत्येक गोष्ट नीट विचारायच्या.

भादव्यात आमचा डोंगर कसा असतो ठाऊक आहे? कुठल्याही दगडाखाली हात घाला, पाणी. कड्यावरून पाणी, वाटेवरून पाणी, गवतातून पाणी. त्यात झिरा कोणता आणि पावसाची पागोळी कोणती, हे डोळ्यांनी ओळखू येत नाही. ते आधीपासून माहीत असावं लागतं.

झिऱ्यापाशी वाडीच्या बायका होत्या, नाचणीतलं गवत काढून आलेल्या. बारकी पुढे. आता ती पन्नाशीची, तोंडाने फटकळ, सासू गेल्यापासून वाडीत तिचाच शब्द. बाई थांबल्या. कातळाखाली वाकून बघितलं. विचारलं, "हे पाणी उन्हाळ्यात असतं का?"

"बारा म्हयने असतं बाई," बारकी बोलली. "आमची वाडी याच्यावरच हाय."

जॅकेटवाला हसला, गोडच हसला. "मॅडम, या दिवसांत सगळीकडेच पाणी दिसतं. आपण बाबांना विचारू. बाबांपेक्षा जास्त हा डोंगर कोणाला माहीत नाही."

त्याने मला काहीही शिकवून पाठवलं नव्हतं. हे नीट ऐका. आदल्या दिवशी नाही, गाडीत नाही, कधीच नाही. मी पैसा घेतला नाही. घेतला असता तर बरं झालं असतं — लोभी माणूस म्हणून मोकळा झालो असतो. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच उघडलं होतं. 'असतं, बारा महिने असतं' — जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात बारकी फिसकन हसली.

"बाबांना काय इचारता? बाबा वर कधी आल्ते ते इचारा आधी! गुडगं गेलं त्यांचं. आज बी दोघांनी धरून आनलंय, नवरी आनल्यासारखं."

मागून कोणीतरी — "आनि ती टोपी बघ गो! उलटी घातलीय! बाबा, मागं बघून चालताव काय?"

बायका हसल्या. कामगार हसले. मागचे साहेब हसले, तोंडावर रुमाल धरून. बाईंच्याही ओठाला हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं — ते आवरणं मला जास्त लागलं. मी टोपीला हात लावला. उलटीच होती. एवढा वेळ मी उलटी टोपी घालून सगळ्यांच्या पुढे चाललो होतो.

आणि मी म्हणालो — "हे पावसाचं पानी हाय. दिवाळी झाली की खडखडाट. उन्हाळ्यात हितं काय नसतं."

झालं. आता तुम्हाला माहीत झालं.

बारकी एक क्षण हसतच राहिली. तिला वाटलं, मी पण थट्टाच करतोय. मग तिचं हसू नुसतं तोंडावर राहिलं, डोळ्यांतून गेलं. हळू आवाजात म्हणाली, "बाबा, काय बोलताव?"

बाईंनी परत विचारलं. शहाण्या होत्या, एकदा विचारून सोडणाऱ्या नव्हत्या. "नक्की?"

"नक्की."

पहिलं रागात निघालं असं म्हणता येईल. पण हे दुसरं? ते थंड डोक्याने निघालं. 'नक्की' म्हणताना मला बरं वाटलं — हेही सांगून टाकतो. बायका गप्प झाल्या होत्या. शिकलेली माणसं परत माझ्या तोंडाकडे बघत होती. टोपी मी सरळ केली आणि पुढे निघालो.

एका टोपीसाठी? एवढ्याशा हसण्यासाठी, अख्ख्या वाडीचं पाणी? मी स्वतःला विचारतो. दुसरं काही कारण सापडावं म्हणून खूप शोधतो. सापडत नाही.

त्या रात्रीपासून मी स्वतःला समजावत होतो — अजून जनसुनावणी आहे. तिथं दुरुस्त करू. 'त्या दिवशी माझ्या बोलण्यात फरक पडला' असं सांगू. माणसं बोलण्यात चुकतातच की.

जनसुनावणी थंडीत झाली, डोळखांबला. मांडव कंपनीचा. खुर्च्या, पंखे, पाण्याच्या बाटल्या. मागे मोठा फलक, त्यावर हिरवा डोंगर आणि हसणारी पोरं. समोर सरकारी साहेब, त्या बाई, बाजूला पोलीस. सगळा मुलूख आला होता. मला पहिल्या रांगेत खुर्ची.

बारकीच्या हातात माईक आला. तिला माईक कसा धरायचा ते कळेना. दोन्ही हातांनी धरला, मुसळ धरावं तसा. मला वाटलं, आता ही माझं कातडं सोलणार. सोलायला पाहिजे होतं. ती काय बोलली? —

"त्या दिशी बाबा रागात बोल्ले. मी त्यांची थट्टा केली, सायबांसमोर. म्हाताऱ्या मानसाला असं बोलू नये. माझं चुकलं. पन झिरा खोटा नाय. बाबांच्या घरच्या हाताबिगर आमी कधी तो उपसला नाय. बाबा हितंच बसलेत. त्यांनाच इचारा. ते सांगतील."

भर मांडवात तिने माझी माफी मागितली. माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली, वरचे काटे उचलून. मला फक्त पाऊल टाकायचं होतं.

माईक माझ्याकडे आला. मी उभा राहिलो. समोर बाई, मागे माझं गाव. जंगलखात्याचा गार्डही कडेला उभा होता. सोयरे होते, मुरबाडकडचे व्याही होते. आणि मी काय बोलायचं? की मी खोटं बोललो. मी, ज्याच्या शब्दावर हे लोक रानात शिरतात, तो बायका हसल्या म्हणून खोटं बोलला. सगळ्यांच्या समोर? माईकमधून माझ्या श्वासाचा आवाज येत होता, सगळ्या मांडवाला ऐकू.

मी म्हणालो, "मला... आता नक्की आठवत नाय. वय झालं."

मांडवातून एक आवाज निघाला. आजारी वासराकडे बघून बायका काढतात ना, तसा. च् च्. कोणीतरी म्हणालं, बसू द्या त्यांना. आणि बारकीच पुढे आली, माझ्या पाठीवर हात ठेवला, मला खुर्चीत बसवलं. "बसा बाबा. ऱ्हाऊ द्या."

तिला खरंच वाटलं. सगळ्यांना खरं वाटलं. फक्त बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं — त्यांना काही कळलं का? मला माहीत नाही. पण त्या तरी काय करणार? जाणकार माणसाने जागेवर 'नक्की' म्हटलं होतं, आणि नंतर नाकारलं नव्हतं. कागदात झिरा हंगामी म्हणून गेला. वरून मंजुरी आली.

त्यानंतर पठाराच्या पोटात चाचणीचा बोगदा खणायला घेतला. सुरुंग लागले की आमच्या घरातली भांडी वाजायची. होळी झाल्यावर वाडीच्या बायका उपसणीला गेल्या. गाळ काढला, अजून काढला, काढत राहिल्या. खाली नुसती ओल होती. मग ओलही गेली. ते पाणी कुठल्या फटीतून बोगद्यात उतरलं असेल, ते त्या डोंगराला ठाऊक. वाडीची माणसं कंपनीकडे गेली. जॅकेटवाला त्यांच्याशी नीट बोलला; म्हणाला, झिरा हंगामीच होता, तसं तुमच्याच भागातल्या माणसाने सांगितलंय, उन्हाळ्यात आटला तर कंपनी काय करणार? ते पंचायतीत गेले, तिथंही तेच. तो पोरगा खोटं बोलला नाही. माझंच बोलणं त्याने परत वाचून दाखवलं.

आता वाडीच्या बायका उन्हाळ्यात दोन खिंडी उतरून खाली येतात. गावात बारमाही पाणी एकाच विहिरीला राहिलं आहे. ती माझ्या आवारातली, पोराने मागाहून खणलेली.

आणि मी? मी विसरभोळा झालो. व्हावंच लागलं ना. मांडवात ज्याला आठवत नव्हतं, त्याला दुसऱ्या दिवशी बैलाचं वय कसं आठवेल? सून विचारते, बाबा, कोयता कुठे ठेवला? मला माहीत असतं. मी डोकं खाजवतो. गार्ड आला, नवीन आहे, ओट्यावर न बसता पुढे गेला. कोणीतरी त्याला सांगितलं असणार. पोराला काळजी लागली. त्याने मला शहापूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, आज वार कुठला? आमच्या डोळखांबचा बाजार काल झाला होता, मला वार चुकेल? मी चुकीचा सांगितला. मग त्याने तीन वस्तूंची नावं घेतली — चावी, आंबा, बैल — आणि थोड्या वेळाने म्हणाला, सांगा बघू. मी म्हणालो, आंबा. आणि थांबलो. पोरगा बाजूच्या स्टुलावर बसला होता, त्याने तोंड फिरवलं, डोळे पुसले. तेव्हाही मी बैल म्हणालो नाही.

गोळ्या चालू आहेत. रोज रात्री सून तळहातावर एक ठेवते, मी गिळेपर्यंत उभी राहते. नसलेल्या रोगाची गोळी कडू लागते का? लागते.

माझी कीव करू नका. हा भाग मी कीव यावी म्हणून लिहिला नाही. वरच्या बायका डोक्यावर हंडा घेऊन दोन खिंडी चढतात. मी ओट्यावर बसून गोळी खातो.

या उन्हाळ्यात मुरबाडचा एक वकील वाडीच्या बाजूने उभा राहिला आहे. तो आमच्या आवारात येऊन बायकांशी बोलत होता, विहिरीपाशी. म्हणाला, वाडीच्या बाहेरचा कोणीतरी पाहिजे. झिरा बारा महिने होता असं सांगणारा खालच्या गावातला एक म्हातारा माणूस मिळाला, तर प्रकरण परत उघडता येईल. मी तिथंच होतो, ओट्यावर, त्याच्या बोलण्याचा शब्द न् शब्द ऐकू येईल एवढ्या अंतरावर. त्याने माझ्याकडे बोट केलं. बारकी म्हणाली, "बाबांना नका तरास देऊ. त्यांना आता मी बी आठवत नाय."

मी कोंबड्यांकडे बघत राहिलो. त्या काहीतरी टिपत होत्या. वकील निघून गेला. तो परत येणार आहे म्हणतात. मी काय करीन ते मला माहीत नाही. म्हणजे — माहीत आहे, आजपर्यंत काय केलं ते तुम्ही वाचलंत.

रोज सकाळी बारकी येते. दुसऱ्याच्या विहिरीवर विचारल्याशिवाय दोर सोडायचा नाही, ही तिच्या सासूची रीत. ती ओट्यापाशी थांबते, मला नीट दिसावं म्हणून पदर मागे घेते आणि लहान पोराशी बोलावं तसं सावकाश बोलते.

"बाबा, मी बारकी. वरच्या वाडीची. पानी भरू का?"

आणि मी म्हणतो, "कोन बारकी?"

ती हंडा खाली ठेवते, आणि मला परत पहिल्यापासून सांगते.